वखरामागचे बगळे: धुऱ्यावर बसून प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास

विदर्भातल्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकणाऱ्या मुलांना प्रकल्पाचा विषय विचारला की बहुतेकांच्या तोंडी वाघच येतो. ताडोबा, मेळघाट, पेंच एवढे जवळ असल्यावर ते साहजिकही आहे. पण वर्तनाचा अभ्यास शिकायचा असेल तर वाघ हा फार गैरसोयीचा प्राणी. दिसला तर मिनिटभर दिसतो, तोही जिप्सींच्या गर्दीतून. व्याघ्र प्रकल्पात किंवा अभयारण्यात संशोधन करायचं तर वनखात्याची परवानगी हवी, त्यासाठी नागपूरच्या प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव) कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. एवढं करून वर्षाअखेरीस हातात काय, तर वाघ फिरतो, झोपतो आणि पाणी पितो.

शिकण्यासाठी प्राणी असा निवडावा जो रोज दिसतो, भरपूर दिसतो, माणसाला फारसा बुजत नाही आणि ज्याच्या वागण्यातलं काहीतरी मोजता येतं. माझं मत विचाराल तर गायबगळा, म्हणजेच आपला ढोरबगळा. शेतात वखर फिरायला लागला किंवा गायकी (गुराखी) ढोरं घेऊन पडीतात शिरला की दहा-वीस बगळे मागे असतातच. दुर्बीण नसली तरी चालते, आणि शेतमालकाला विचारून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसलं की काम सुरू. बगळ्यांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. म्हणून पकडणं, पायात कडी घालणं, घरट्यांना हात लावणं हे आपलं काम नाही. आपण फक्त बघायचं आणि मोजायचं.

खालची पद्धत बगळ्यांसाठी लिहिली असली तरी वांदर, रोही (नीलगाय), शेळ्या, मैना, कुणालाही लावता येते. अभ्यास बहुतेक वेळा बिघडतो तो आकडेमोडीत नाही, वहीत पहिला आकडा पडण्याच्या आधी. म्हणून सुरुवातीच्या पायऱ्यांवर मी जास्त रेंगाळणार आहे.

प्रश्न: "नाही" असं उत्तर येऊ शकेल असा

"गायबगळ्याच्या वर्तनाचा अभ्यास" हा प्रश्न नाही, ते फायलीवर लिहायचं नाव आहे. निको टिनबर्गेन या डच शास्त्रज्ञाने १९६३ साली वर्तनाबद्दल विचारता येणारे प्रश्न चार प्रकारांत मांडले: ते कशामुळे घडतं, पिल्लापासून मोठं होईपर्यंत कसं तयार होतं, त्याचा प्राण्याला उपयोग काय, आणि उत्क्रांतीत ते आलं कुठून. (१९७३ चं नोबेल पारितोषिक त्यांना कोनराड लॉरेन्झ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासोबत मिळालं.) गावात बसून, परवानगीशिवाय, एका हंगामात हाताळण्याजोगा प्रकार तिसरा, उपयोगाचा. तेव्हा प्रश्न असा धरू:

ढोरांसोबत चरणारा बगळा एकट्याने चरणाऱ्या बगळ्यापेक्षा तेवढ्याच वेळात जास्त भक्ष्य गिळतो का? आणि त्यासाठी त्याला पावलं कमी टाकावी लागतात का?

गुरांच्या पायांनी नाकतोडे उडतात आणि बगळे ते टिपतात, हे गावात लहान पोरालाही माहीत आहे. मग मोजायचं कशाला? कारण गुरांजवळ गर्दीही असते. बगळे एकमेकांना हुसकावतात, खुरांपासून बाजूला व्हावं लागतं, त्यात वेळ जातो. फायदा तोट्यापेक्षा मोठा आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी ठरत नाही. अमेरिका खंडात हा पक्षी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पोचला. तिथे झालेल्या अभ्यासांत गुरांसोबतचे बगळे कमी पावलांत जास्त भक्ष्य मिळवताना आढळले. आपल्या पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) नाहीतर धानाच्या रानात तसंच असेल असं गृहीत धरायचं कारण नाही. शिवाय गावोगाव बैलजोड्या कमी होऊन ट्रॅक्टर वाढत चाललेत. म्हणजे इथे विचारण्यासारखा आणखी एक प्रश्न तयारच आहे, पण तो पुढच्या हंगामासाठी ठेवा. एका हंगामात एक प्रश्न पुरतो.

प्रश्न ठरला की वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहून ठेवा, आणि त्याखाली "मुख्य मोजमाप: तीन मिनिटांत गिळलेली भक्ष्यं" असंही लिहा. या ओळीचं महत्त्व शेवटी आकडेमोडीत कळेल.

नुसतं बघणं, मग व्याख्या

पहिले काही दिवस काहीही मोजू नका. बसा, बघा, दिसेल ते लिहा. पक्षी ओळखायलाही हे दिवस लागतात. गायबगळ्याची चोच पिवळी आणि मान आखूड, जाडसर. विणीच्या काळात डोकं, मान आणि पाठ नारिंगी होते. लहान बगळ्याची चोच काळी, पाय काळे आणि पंजे पिवळे. मध्यम बगळ्याची चोच बहुतेक काळ पिवळीच, पण मान लांब आणि अंगाने तो मोठा. वंचक बसलेला असताना मातकट दिसतो आणि उडाला की पांढरा होतो, त्यामुळे लांबून घोटाळा होतो. मोजणीत फक्त गायबगळा घ्यायचा.

त्यानंतर वर्तनांची यादी करायची, म्हणजे वर्तनसूची. प्रत्येक वर्तनाची व्याख्या अशी हवी की तुमच्याऐवजी तुमची धाकटी बहीण धुऱ्यावर बसली तरी तिने तेच मोजावं. आपल्या प्रश्नापुरत्या या पुरतील:

पाऊल: एक पाय जमिनीवरून पूर्ण उचलून दुसऱ्या जागी टेकणे. जागच्या जागी पाय हलवणे धरायचे नाही.

टोच: चोच वेगाने खाली किंवा पुढे जाऊन जमिनीला, गवताला किंवा ढोराच्या अंगाला लागणे.

गिळणे: टोचेनंतर डोके वर किंवा मागे झटकून गळ्यातून घास खाली जाणे. घास दिसला नाही पण झटका स्पष्ट दिसला तरी धरायचे.

हुसकावणे: एक बगळा दुसऱ्याकडे चोच रोखून किंवा पंख पसरून जाणे आणि दुसऱ्याने जागा सोडणे.

दिसेनासा: ढोर, गवत किंवा नांगराच्या तासाआड गेल्यामुळे डोके न दिसणे.

"घाबरला", "चिडला", "भुकेला होता" हे शब्द वहीत येऊ देऊ नका. बगळा काय करतो ते तुम्हाला दिसतं, त्याच्या मनात काय चाललंय ते दिसत नाही. "मान ताठ, चोच आडवी, पाय स्थिर" असं लिहा आणि त्याला "सावध" असं नाव द्यायचं असेल तर खुशाल द्या, फक्त त्या नावामागे हीच तीन लक्षणं असू द्या.

आणखी एक फरक आत्ताच लक्षात घ्या. पाऊल, टोच, गिळणे या क्षणात उरकणाऱ्या घटना आहेत, त्या मोजायच्या. उभं राहणं, पिसं साफ करणं, चरत राहणं या अवस्था आहेत, त्या किती वेळ चालल्या ते बघायचं. दोन्हींची एकाच रकान्यात खिचडी झाली की पुढे कुठलाच हिशोब लागत नाही.

कोणता बगळा, किती वेळ

माणसाचा डोळा धावतो तो भांडणाकडे. वीसातले दोन बगळे झगडत असतील तर बाकी अठरा आपल्याला दिसतच नाहीत, आणि मग वहीत "बगळे फार भांडखोर" अशी नोंद पडते. जीन ऑल्टमन या केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवर काम करणाऱ्या अभ्यासिकेने १९७४ साली निरीक्षणाच्या पद्धतींची जी चिकित्सा केली तिचं मर्म हेच: काय बघायचं हे बघणाऱ्याच्या लहरीवर सोडलं तर आकड्यांत प्राणी कमी आणि बघणारा जास्त दिसतो. वर्तनशास्त्राची शिस्त त्या एका लेखाने बदलली असं म्हणायला हरकत नाही.

त्यातल्या दोन पद्धती आपल्याला लागतील. फोकल पद्धतीत एकच पक्षी निवडून ठरलेला वेळ फक्त त्याच्याकडे बघायचं. स्कॅन पद्धतीत ठरलेल्या अंतराने, समजा दर दहा मिनिटांनी, डावीकडून उजवीकडे नजर फिरवून प्रत्येक पक्षी त्या क्षणी काय करतोय ते टिपायचं. पाऊल आणि गिळणं या भराभर घडणाऱ्या गोष्टींना फोकलच हवं. किती बगळे ढोरांजवळ आहेत आणि किती लांब, यासाठी स्कॅन. आयत्या वेळी दिसेल ते लिहिण्याची तिसरी पद्धत सुरुवातीच्या ओळखीपुरती ठीक, हिशोबात ती घेऊ नका.

आता नियम. हे आधी ठरवून लिहून ठेवायचे, शेतात बसून ठरवायचे नाहीत.

"ढोरासोबत" म्हणजे ढोरापासून दोन मीटरच्या आत. गाय थोबाडापासून शेपटीच्या मुळापर्यंत साधारण तेवढीच असते, तेव्हा अंदाज तिच्यावरूनच घ्या. "एकटा" म्हणजे वीस मीटरच्या आत ढोर, वखर, ट्रॅक्टर काहीही नाही. मधल्या पट्ट्यातला बगळा घ्यायचा नाही. तो कुठल्या बाजूचा यावर वाद घालत बसलात तर प्रत्येक वेळी तुमच्या मनाजोगतं उत्तर निघेल.

पक्षी निवडायला मोबाईलच्या घड्याळातल्या सेकंदाचा शेवटचा अंक बघा. ७ असेल तर त्या गटातला डावीकडून सातवा. ० असेल तर दहावा. तेवढे पक्षी नसतील तर मोजणी पुन्हा डावीकडून चालू ठेवायची. हे पोरकट वाटतं, पण असं केलं नाही तर हात आपोआप जवळच्या, धडपड्या, भरपूर खाणाऱ्या बगळ्याकडेच वळतो.

एक निरीक्षण तीन मिनिटांचं. पक्षी मध्येच दिसेनासा झाला तर घड्याळ चालू ठेवा आणि तेवढे सेकंद वेगळे लिहा. एकूण दोन मिनिटांपेक्षा कमी दिसला तर ते निरीक्षण हिशोबातून बाद, पण वहीतून नाही. बाद झालेल्या ओळी ठेवण्यामागे कारण आहे: ढोरांजवळचे बगळे ढोरांआड जातात, एकटे जात नाहीत, म्हणून बाद होण्याचं प्रमाण एका बाजूला जास्त असणार. ते किती, हे वाचणाऱ्याला कळायला हवं. बगळा दोन मीटरच्या बाहेर पंधरा सेकंदांहून जास्त राहिला तर निरीक्षण तिथेच थांबवा.

आणि सगळ्यांत कामाचा नियम, जोडीचा. एका फेरीत, म्हणजे शेतात एकदा बसल्यावर, त्याच शिवारात, त्याच अर्ध्या तासात एक ढोरासोबतचा आणि एक एकटा, अशी निदान एक जोडी बघायची. आधी कोणता, ते नाणं उडवून. सकाळी सात वाजता ढोरांमागचे आणि दुपारी एक वाजता एकटे बघितले तर फरक ढोरांचा की उन्हाचा, हे कधीच कळणार नाही. जोडी घेतली की ऊन, वारा, ओल, गवताची उंची दोघांना जवळपास सारखीच मिळते. महागडं सॉफ्टवेअर जे काम नंतर अर्धवट करतं ते हा नियम आधी फुकटात करतो.

तरी एक अडचण उरतेच. कोणता बगळा ढोरामागे जाणार हे आपण ठरवत नाही, तो ठरवतो. कदाचित दांडगे, तरबेज पक्षीच ढोरांजवळची जागा पटकावत असतील. कदाचित ढोरंच हिरव्या, किडे जास्त असलेल्या पट्ट्यात चरत असतील. यावर अर्धा उपाय असा, की बघत असलेला बगळा ढोराला सोडून गेला तर तोच पक्षी नजरेआड न होऊ देता त्याचं एकट्याचंही निरीक्षण घ्यायचं. पक्षी तोच असल्यामुळे तरबेजपणाचा मुद्दा निघून जातो. अशा जोड्या कमी मिळतात, पण त्यांचा वेगळा तक्ता करा. दहा मिळाल्या तरी अहवालात त्यांना वेगळा परिच्छेद द्यावा.

शेतात

पांढरे किंवा भडक कपडे नकोत. गाडी लांब लावा. बगळे माणसाला सरावलेले असतात, मोटारसायकलला कमी. बसल्यावर पहिली दहा-पंधरा मिनिटं नोंद घेऊ नका, पक्ष्यांना तुमची सवय होऊ द्या. दुर्बीण असेल तर आठपट मोठं दाखवणारी पुरते, त्याहून जास्त पट घेतली तर हाताच्या थरथरीने चित्र हलतं.

वहीत खाली बघून लिहिताना बगळा दोन घास गिळून मोकळा होतो. म्हणून मोबाईलचा आवाज-रेकॉर्डर लावा आणि डोळे न हलवता पुटपुटत राहा: "पाय, पाय, पाय, टोच, गिळ, पाय." घरी येऊन निम्म्या वेगाने ऐकून मोजा. व्हिडिओ घेता आला तर आणखी बरं. त्यासाठी इटलीतल्या तुरीन विद्यापीठात तयार झालेलं बोरिस नावाचं सॉफ्टवेअर मोफत मिळतं. व्हिडिओ चालवत ठरवलेली कळ दाबली की वेळेसकट नोंद पडते.

जुलै-ऑगस्टमध्ये, ऐन डवरणीच्या (कोळपणीच्या) दिवसांत, विजा पडतात. आभाळ गडगडलं की झाडाखाली न थांबता सरळ घर गाठायचं, अर्धी जोडी राहिली तर राहू द्या. धुऱ्यावर बसण्याआधी काठीने गवत झोडून घ्या. घोणस तिथेच असते. आणि लोक येणार, विचारणार, "काय पाहून राहिले भाऊ?" सरळ सांगा, "बगळे मोजून राहिलो काका." हसतील, पण मग शेजारी बसून जे सांगतील ते ऐका. कुठल्या रानात कधी बगळे उतरतात, रोटाव्हेटरमागे जास्त येतात की नांगरामागे, हे गायकी आणि शेतकरी यांच्याइतकं कुणी पाहिलेलं नसतं. फक्त ते ऐकीव म्हणून वेगळ्या पानावर लिहा. त्यातून पुढचे प्रश्न निघतात, या प्रश्नाचे आकडे निघत नाहीत.

दोघांची नजर जुळते का

एकट्याच्या मोजणीवर कुणी विश्वास ठेवावा? आधी काही निरीक्षणं दोघांनी मिळून, पण एकमेकांच्या वहीत न डोकावता करा. पावलं, घास अशा मोजणीत दोघांचे आकडे शेजारी मांडून फरक बघितला तरी पुरतं. तुम्हाला ६ आणि जोडीदाराला सारखे ४ दिसत असतील तर "गिळणे"ची व्याख्या पुन्हा लिहायला बसा.

स्कॅनमध्ये मात्र टक्केवारी फसवते. समजा १०० नोंदींपैकी ८४ मध्ये दोघांनी एकच वर्तन लिहिलं. ऐकायला छान. पण दोघांनीही ८० वेळा "चरणे" आणि २० वेळा "इतर" लिहिलं असेल तर डोळे मिटून लिहिलं तरी ०.८ × ०.८ आणि ०.२ × ०.२ मिळून ०.६८, म्हणजे ६८ नोंदी नुसत्या योगायोगाने जुळल्या असत्या. योगायोगापलीकडे जुळण्याला जागा होती ३२ ची, त्यातल्या जुळल्या १६. म्हणजे खरी जुळणी निम्मीच, ०.५. या आकड्याला कप्पा म्हणतात. जेकब कोहेन यांनी तो १९६० साली मांडला. ०.५ वर काम पुढे रेटू नये. व्याख्या सुधारा, पुन्हा बसा.

दोघांची नजर जुळली तरी दोघांची अपेक्षाही जुळलेली असू शकते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून गणितं सोडवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ साली दाखवून दिलं, की प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं तर घोड्यालाही येत नाही. तो माणसाच्या अंगाची नकळत होणारी हालचाल वाचत होता. आपला बगळा आपल्याला वाचत नाही, पण शंकास्पद झटका "गिळणे" धरायचा की नाही, हे ठरवताना आपली आशा मध्ये येते. बाजूची गाय तर काही लपवता येत नाही. निदान काही व्हिडिओ अशा माणसाला मोजायला द्या ज्याला तुमचा प्रश्नच ठाऊक नाही.

तक्ता

एक निरीक्षण, एक ओळ. रकाने: फेरी क्रमांक, तारीख, वेळ, शिवार, पीक किंवा पडीत, स्थिती (ढोर / एकटा), कोणतं ढोर, दिसलेले सेकंद, पावलं, टोचा, गिळणे, हुसकावणे, निरीक्षक, शेरा.

शून्य आणि रिकामी जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. एकही घास गिळला नाही तर ०. मोजलंच नाही तर रिकामं. शब्द एकच ठेवा: एका ओळीत "गाय", दुसरीत "गाई", तिसरीत "ढोर" लिहिलंत तर संगणक तीन जाती करतो. आकडे इंग्रजी अंकांत भरा, कारण देवनागरी अंकांना कित्येकदा तो मजकूर समजतो आणि बेरीज शून्य दाखवतो. रंग भरून अर्थ सांगू नका. "पिवळ्या ओळी संशयास्पद" हे तीन महिन्यांनी तुम्हालाही आठवणार नाही, त्यासाठी शेऱ्याचा रकाना आहे. मूळ तक्त्याची एक प्रत हात न लावता बाजूला ठेवा.

शंभर नोंदी म्हणजे शंभर बगळे नव्हेत

वर्तनाच्या अभ्यासात हा घोटाळा सगळ्यांत जास्त आढळतो. एका सकाळी, एका कळपामागे, चाळीस निरीक्षणं घेतली. बगळ्यांना खूण नाही, तेव्हा त्यातले पंधरा कदाचित एकच बगळा असेल. त्या दिवशी पाऊस पडून गेला असेल तर सगळ्या चाळीसांवर त्याच पावसाचा परिणाम. १९८४ साली स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी या खोट्या पुनरावृत्तीवर बोट ठेवलं, तेव्हापासून प्रत्येक परीक्षक आधी तिथेच बघतो. भाताची परीक्षा शितावरून होते हे खरं, पण एकाच पातेल्यातली चाळीस शितं चाचपून गावभरच्या जेवणावर मत देता येत नाही.

म्हणून आपल्या हिशोबाचं एकक बगळा नसून फेरी धरा. एका फेरीत तीन जोड्या मिळाल्या तर तिन्हींची सरासरी काढून एकच जोडी करा. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या शिवारांत वीस फेऱ्या या एका शिवारातल्या दोनशे निरीक्षणांपेक्षा कितीतरी मोलाच्या. सवड कमी असेल तर बसण्याचा वेळ कमी करा, शिवारं वाढवा.

आकडेमोड, नाण्यावर

आधी चित्र काढा. आलेख-कागदावर डावीकडे "एकटा", उजवीकडे "ढोरासोबत", आणि प्रत्येक फेरीचे दोन ठिपके रेघेने जोडा. बहुतेक रेघा वर चढतात की निम्म्या उतरतात, ते बघितल्याशिवाय सूत्राला हात लावायचा नाही.

समजावण्यासाठी आठ फेऱ्यांचे मनाचेच आकडे घेऊ. तीन मिनिटांत गिळलेले घास, ढोरासोबत: ६, ५, ७, ४, ८, ३, ६, ५. त्याच फेऱ्यांत एकटा: ४, ३, ५, ४, ४, ४, ३, ३. (खऱ्या आकड्यांत दिसलेला वेळ कमी-जास्त असेल तर आधी प्रत्येक मोजणी दिसलेल्या मिनिटांनी भागून दर काढा.) सरासरी ५.५ आणि ३.७५. फेरीगणिक फरक: २, २, २, ०, ४, −१, ३, २. बेरीज १४, सरासरी १.७५ घास.

आता शंकेखोर माणूस म्हणेल, ढोरांचा काही संबंध नाही, हा योगायोग. त्याचं म्हणणं खरं मानून चला. तसं असेल तर प्रत्येक फेरीत "ढोर" आणि "एकटा" या चिठ्ठ्या अदलाबदल केल्या तरी बिघडत नाही, म्हणजे प्रत्येक फरकाचं चिन्ह अधिक की उणे हे नाण्याच्या छाप-काट्यासारखं. शून्याला चिन्ह नाही, उरले सात फरक. सात नाण्यांचे एकूण १२८ प्रकार. त्यातल्या किती प्रकारांत बेरीज १४ किंवा त्याहून मोठी येते? सगळे अधिक असले तर १६. फक्त १ हा आकडा उणे झाला तर १४. दुसरा कोणताही आकडा उणे झाला की बेरीज १२ किंवा त्याहून खाली घसरते. म्हणजे दोन प्रकार, आणि उलट दिशेचे, उणे १४ व उणे १६ चे, आणखी दोन. १२८ पैकी ४, सुमारे ३ टक्के.

हीच ती पी-किंमत, ०.०३. तिचा अर्थ एवढाच: ढोरांचा काही संबंध नसता तर एवढा किंवा याहून मोठा फरक शंभरात साधारण तीनदा दिसला असता. "आमचं म्हणणं ९७ टक्के खरं" असा तिचा अर्थ होत नाही, आणि प्रबंधांत हे वाक्य मात्र वरचेवर भेटतं. अहवालात पी-किंमतीच्या आधी फरक किती ते लिहा: तीन मिनिटांत १.७५ घास जास्त, म्हणजे एकट्यापेक्षा साधारण ४७ टक्के जास्त, आठपैकी सहा फेऱ्यांत जास्त, एकीत सारखा, एकीत कमी. वाचणाऱ्याला यातून जेवढं कळतं तेवढं ०.०३ मधून कळत नाही.

फेऱ्या वीस झाल्या की प्रकार दहा लाखांच्या पुढे जातात आणि हाताने मोजणं संपतं. मग मोफत मिळणाऱ्या आर या संगणकप्रणालीला हीच नाणी दहा हजार वेळा उडवायला सांगा. विल्कॉक्सनची जोडीची चाचणीही चालेल. निरीक्षणं शेकड्यांनी असतील, प्रत्येक फेरीत अनेक असतील, तर मोजणीच्या आकड्यांसाठीची मिश्र प्रतिमानं वापरता येतात, त्यात फेरी हा यादृच्छिक (random) घटक म्हणून घालायचा. पण वर दाखवलेलं नाणं ज्याला समजलं नाही त्याने तिकडे वळू नये.

पावलांच्या बाबतीत एक खड्डा आहे. "एका घासामागे पावलं" काढताना घास ० असला की भागाकारच होत नाही, आणि त्या ओळी वगळल्या तर नेमके उपाशी बगळे वगळले जातात. म्हणून पावलांचा दर वेगळा तपासा, आणि गुणोत्तर हवंच असेल तर एका स्थितीतली सगळी पावलं भागिले सगळे घास, असं एकदाच काढा.

आता वहीच्या पहिल्या पानाकडे. मुख्य मोजमाप आधी लिहून ठेवलं नसतं तर मोह असा होतो, की घास, टोचा, पावलं, हुसकावणं अशा बारा गोष्टी तपासाव्यात आणि ज्यात फरक निघेल तीच मांडावी. काहीच संबंध नसताना, प्रत्येकीला ५ टक्क्यांची कसोटी लावली आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असल्या, तर बारांपैकी निदान एकीत "फरक" निघण्याची शक्यता ४६ टक्के असते. बाकीच्या गोष्टी तपासायला मनाई नाही. फक्त त्या नंतर सुचलेल्या आहेत असं अहवालात लिहायचं.

लिहिताना

काय बाद केलं, किती आणि का, शिवारं किती, दोघांच्या नोंदी किती जुळल्या, कोणत्या महिन्यात, हे सगळं यायला हवं. डवरणीच्या दिवसांतला निष्कर्ष सोयाबीन निघाल्यानंतरच्या रानाला लागू होईलच असं नाही, तेही लिहा. फरक निघाला नाही तर तसंच लिहा, तोही निकालच. ज्यांच्या धुऱ्यावर बसलात त्यांना आलेख दाखवा. तिथे एक-दोन चुका हमखास सापडतात, कारण त्या दिवशी त्या रानात फवारणी झाली होती हे त्यांनाच आठवत असतं.

हाच सांगाडा वांदरांच्या टोळीला लावायचा तर स्कॅन घ्या, खायला काही देऊ नका, आणि टोळी हे एकक धरा. रोही जवळ येऊ देत नाहीत, पण लेंड्या टाकायला पुन्हा पुन्हा ठरावीक जागी येतात. अशा ढिगांची रोजची भर मोजली तर प्राणी न दिसताही काम होतं.

बगळ्यांचंच पुढे न्यायचं असेल तर पोळा जवळ आला की तयारी करा. त्या दिवशी बैल कामाला जुंपत नाहीत, ट्रॅक्टर मात्र चालू असू शकतो. आदल्या दिवशी, पोळ्याला आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, ठरलेल्या वेळी स्कॅन घेऊन बगळे कुठे विखुरतात ते बघता येईल. फक्त एका गावाचा एक पोळा म्हणजे एकच फेरी. तेव्हा आठ-दहा गावांतले मित्र आधीपासून जमवावे लागतील, व्याख्या सगळ्यांना एकच द्यावी लागेल, आणि त्या दिवशी पुरणपोळी सोडून सकाळी सातला धुऱ्यावर कोण बसणार, तेही आत्ताच ठरवून घ्यावं लागेल.